नवऱ्याच्या छातीतला बायकोचा न्यूमोनिया

"शिकवायला मला वेळ नाही," हे मोठ्या डॉक्टरांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी दवाखान्याची पायरी चढत होतो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी, आणि नमस्कार करायला दोन्ही हात एकदम मोकळे कसे करावेत या विवंचनेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते एका म्हातारीच्या डोळ्यात औषधाचा थेंब सोडत होते. थेंब नेमका पडला, म्हातारी "अव माय!" म्हणून किंचाळली, आणि मग ते म्हणाले, "तुमच्याबद्दल वरून कागद आलाय. दोन महिने तुम्हाला शिकवा असं लिहिलंय. कधी शिकवा, ते लिहायचं राहिलेलं दिसतं."

आमचा वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि हा दवाखाना वाशीमहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात होता. कौलारू इमारत, पुढे लांबलचक ओसरी, ओसरीवर दोन बाकडी, आणि त्या बाकड्यांवर व खाली मिळून आसपासची सगळी खेडी. मी नागपूरहून नुकताच डॉक्टर होऊन आलो होतो. पास झालो होतो तेही चांगल्या मार्कांनी. गळ्यातली नळी इतकी नवी होती, की तिच्या रबराचा वास पेशंटच्या आधी मला यायचा.

बेत असा होता. दोन महिने मी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली राहायचं. मग त्यांनी लिहून द्यायचं, की हा गडी एकट्यानं दवाखाना चालवू शकेल. ते पत्र मिळालं की मला किन्हीराजाच्या बाजूच्या एका गावी पाठवणार होते. तिथल्या दवाखान्याला सहा महिने कुलूप होतं. तिथं मोठे डॉक्टर नव्हते, लहान डॉक्टर नव्हते. अडलं तर विचारायला चार भिंती होत्या.

आणि माझी भीती साधी होती. नागपूरला आम्ही दहा-बारा विद्यार्थी एका खाटेभोवती उभे राहायचो, आणि त्या माणसाला काय झालंय हे खाटेच्या पाटीवर आधीच लिहिलेलं असायचं. आम्ही चोरून पाटी वाचायचो आणि मग गंभीर चेहऱ्यानं छाती तपासायचो. कोऱ्या पाटीचा माणूस मी आयुष्यात एकट्यानं तपासला नव्हता. किन्हीराजाकडे सगळेच कोऱ्या पाटीचे असणार होते. त्यातला एखादा माझ्या हातून जाईल, आणि का गेला तेही मला कळणार नाही, असं मला रोज वाटायचं.

तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात एक वेळापत्रक केलं. लाल-निळ्या पेन्सिलीनं, चांगल्या गुळगुळीत कागदावर. सोमवारी छाती, मंगळवारी पोट, बुधवारी ताप, गुरुवारी कातडीचे रोग, शुक्रवारी बायकांचे, शनिवारी उजळणी. मोठ्या डॉक्टरांनी ते नीट वाचलं, खाली सही केली, आणि परत देताना म्हणाले, "उत्तम. आता ओसरीवर दवंडी द्या, की मंगळवारी कुणी ताप घेऊन येऊ नका."

ते वेळापत्रक मी औषधांच्या कपाटावर चिकटवलं. चौथ्या दिवशी एका बाईच्या हातात पुडी दिसली, आणि पुडीवर निळ्या अक्षरात 'सोमवार: छा' असं लिहिलेलं होतं.

पुड्या बांधायचे ते आमचे कंपाउंडर. पांढरी दाढी, जुनी टोपी, साठीच्या पुढचं वय, आणि त्यांना सारं गाव चाचा म्हणे. पेशंटनं आणलेली बाटली ते आधी नाकाशी धरायचे आणि रॉकेलचा वास आला तर मालकासकट परत पाठवायचे. मी कपाटाकडे बोट दाखवून जाब विचारला.

"कागद लय उमदा होता, छोटे साब," चाचा म्हणाले. "चिकना! सोडा सांडतच नाही त्यातून. अजून असला एखादा लिवून द्या ना."

दुपारी वेळ मिळेल म्हणावं, तर मोठे डॉक्टर दुपारी जेवायचे आणि वीस मिनिटं झोपायचे, आणि त्या वीस मिनिटांत त्यांना उठवायची छाती तहसीलदाराचीही नव्हती. मग कधी कोर्टात साक्ष, कधी कुठल्या विहिरीतून काढलेलं प्रेत, कधी कुण्या बड्या असामीच्या सासूचा गुडघा. तीन आठवडे गेले. एके दिवशी ते हात धूत असताना मी त्यांना गाठलं. हात धुताना माणूस पळू शकत नाही.

"साहेब, पाच आठवडे उरले. मला काहीच येत नाही."

"हे तुमचं तुम्हाला कळलं ना? नागपूरवाले बहुतेक कळायच्या आधीच बदली करून घेतात." त्यांनी साबण खाली ठेवला. "बरं. दिवसाला तीन मिनिटं देतो. एका पेशंटवर, नीट, सावकाश. पण ती माझ्याकडे नाहीत. बाहेर ओसरीवर सांडलेली आहेत. गोळा करून आणा."

मला वाटलं, हा नकार देण्याचा नवा प्रकार आहे. तरी रागारागानं मी ओसरीवर स्टूल टाकून बसलो आणि पाहायला लागलो. आणि खरोखर, मिनिटं सांडत होती! माणूस आत यायचा आणि बंडीचे बंद सोडायला लागायचा. ते बंद बायकोनं लग्नाच्या वर्षी बांधून दिलेले असावेत. पायाला जखम असेल तर तिच्यावर आधी पाला, पाल्यावर फडकं, फडक्यावर आणखी एक फडकं. बाईची जुनी चिठ्ठी पदराच्या गाठीत, आणि त्या गाठीत आधी सुपारी, मग तंबाखू, मग कुणाच्या तरी लग्नाची अक्षत, आणि तळाशी चिठ्ठी. शिवाय कहाणी. कालपासून पोट दुखणारा माणूस पोळ्यापासून सुरुवात करायचा. "त्या दिशी मी बैल धुयाले गेलतो जी..." पोटापर्यंत पोचायला दिवाळी यायची.

दुसऱ्या दिवसापासून मी हे सगळं ओसरीवरच उरकायला लागलो. ज्याची छाती त्यानं बंडी काढून बसायचं. ज्याची जखम त्यानं फडकी सोडून बसायचं. ज्यांना चिठ्ठ्या शोधायच्या त्यांच्या गाठी आधीच सुटलेल्या. पोटवाल्यांनी बैलापासून पोटापर्यंतचा प्रवास माझ्यासमोर करायचा. मग प्रत्येकाबरोबर मी आत जायचो आणि मोठ्या डॉक्टरांना एका दमात सांगायचो, कोण, कधीपासून, कुठं, काय. ओसरीवर एका रांगेत पंधरा-वीस माणसं उघड्या अंगानं, त्यातली चार जीभ बाहेर काढून. जीभवाल्यांना मी आत बोलवेपर्यंत जीभ आत घ्यायला सांगायचो, पण एकदा काढलेली जीभ परत घालायला लोक घाबरायचे. रस्त्यानं जाणारी मोटार आमच्या दारात हळू व्हायची. आत काय पूजा चाललीय, असं उतारूंना वाटत असणार.

चौथ्या दिवशी शेवटचा पेशंट गेला आणि भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण तीन मिनिटं शिल्लक राहिली. मी ताठ उभा राहिलो. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज दिला, "चाचा, चहा!"

चहा आला. ते खुर्चीत मागे टेकले. बशीत न ओतता, कपानंच, एकेक घोट घेत त्यांनी तो तीन मिनिटं प्यायला. मग म्हणाले, "या दवाखान्यात गरम चहा आज पहिल्यांदा प्यालो. तुमचे उपकार आहेत, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी चार मिनिटं वाचवली, एक माझ्या वाट्याला येईल म्हणून. त्यांनी चौथ्या मिनिटात सुपारी कातरली.

असे चार आठवडे गेले. मी मनातल्या मनात त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्यांतल्या काही शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या होत्या. शिकणं म्हणजे फळा, खडू, समोर एक पेशंट आणि "आता इथं लक्ष द्या," असं म्हणणारा कुणीतरी, अशी माझी ठाम समजूत. ओसरीवर मी करतो ती पट्टेवाल्याची कामं. फडकं सुटायच्या आधीच वासावरून मला जखम कळायला लागली होती, हे मी ध्यानात घेतलंच नाही. वेळापत्रकात वासाचा वार नव्हता.

पत्रावर सही व्हायला आठवडा उरला असताना बाजाराचा दिवस आला.

पौष महिना. कापूस वेचून होत आलेला, तूर निघालेली. बाजाराच्या दिवशी रोजच्या दुप्पट गर्दी. रांगेत एक चाळिशीचा गडी बसला होता. उंच, भरघोस मिशा, छाती कणगीसारखी, आणि त्या छातीवर काळं कुळकुळीत रान. मेडशीकडच्या एका खेड्यावरून आला होता. मी विचारलं, "काय होतं?"

त्यानं आधी खोकून दाखवलं. खोकला असा, की शेजारच्या दोघांनी बाकडं सोडलं.

"मले ताप येते जी. चार दिस झाले. अन् इथंसा, उजव्या बाजूले, सुरी भोसकल्यावानी दुखते. खोकलो का कळ निंगते."

"बेडका पडतो?"

"पडते ना. गंजल्या लोखंडावानी."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा! गंजासारखा बेडका! हे वाक्य मी पुस्तकात खूण करून पाठ केलं होतं, आणि ते आज मिशांतून, वऱ्हाडीत, जसंच्या तसं बाहेर पडत होतं. कपाळाला हात लावला तर गार लागलं. म्हटलं, ताप उतरायची वेळ असेल. नाडी संथ होती. म्हटलं, शेतकऱ्याची नाडी संथच असते. नळी लावली उजव्या बाजूला, खाली. आणि ऐकू आलं! बारीक, चुरचुर, चुरचुर, श्वास घेतला की चुरचुर. मी डोळे मिटून घेतले. नागपूरला हा आवाज ऐकू आल्याचं मी तीनदा लिहून दिलं होतं, ऐकला मात्र आजच.

मी त्याला दंडाला धरून, जपून, एखाद्या काचेच्या हंडीसारखा आत नेला आणि एका दमात सांगितलं, "चार दिवस ताप, उजव्या बाजूला कळ, गंजासारखा बेडका, उजव्या फुप्फुसाच्या तळाशी आवाज. उजव्या बाजूचा न्यूमोनिया."

मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या छातीकडे पाहिलंच नाही. ते त्याच्या पायांकडे पाहत होते. पाय घोट्यापर्यंत धुळीनं पांढरे होते.

"किती कोस चालून आला रे?"

"चार कोस जी."

"डोक्यावर काय होतं?"

"तूर होती ना. पोतंभर."

"विकली?"

"हाव."

"मंग जिलबी खाल्ली असंन."

गड्यानं नकळत मिशा पुसल्या. "उलिशीक खाल्ली जी."

"कोन बिमार हाय?"

गडी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. "घरवाली," तो म्हणाला.

दारात डोकावणाऱ्या सगळ्या ओसरीला हसू फुटलं. एक बाई तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "अव माय! छोट्या डाक्टरानं त बुवाले बाईची बिमारी लावून देल्ली!"

प्रकार असा होता, आणि तो माझ्याखेरीज सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. दवाखान्याच्या भिंतीवर पाटी होती, की रोगी स्वतः हजर असल्याशिवाय औषध मिळणार नाही. पण तापानं फणफणलेलं माणूस चार कोस चालणार कसं? बाजाराला तर घरातलं धडधाकट माणूस येणार. मग ते धडधाकट माणूस ओसरीवर चढताना आजारी व्हायचं आणि बाटली घेऊन उतरताना बरं व्हायचं. कुणी सासूचे गुडघे घेऊन यायचं, कुणी भावाची खरूज. नियम मोडला असं कुणालाच वाटत नव्हतं. रोगी हजर होता. नुसतं अंग दुसऱ्याचं होतं. आणि मोठे डॉक्टर गेली कित्येक वर्षं पायांकडे बघून खरा रोगी कुठं आहे ते ओळखत होते.

"पण साहेब, आवाज!" मी म्हणालो. बुडत्यानं काडीला धरावं तसा मी त्या आवाजाला धरून होतो. "आवाज येतोय."

त्यांनी माझीच नळी मागून घेतली, त्या छातीवर ठेवली, ऐकलं. "येतोय," ते म्हणाले. "चाचा, पाणी आणा." ओल्या बोळ्यानं त्यांनी छातीवरचं ते रान चांगलं भिजवून चापून बसवलं आणि नळी पुन्हा माझ्या कानात दिली. मी ऐकलं. स्वच्छ, रुंद, सुरेख श्वास. बैलाला हेवा वाटावा असा.

"केस नळीखाली घासले, की अगदी तसाच आवाज येतो," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला नवऱ्याच्या छातीत बायकोचा न्यूमोनिया ऐकू आला. नागपूरचं शिक्षण माझ्या काळापेक्षा फारच पुढे गेलेलं दिसतं."

ओसरी पुन्हा हसली. मी हसलो नाही. मला किन्हीराजाकडचा तो दवाखाना दिसत होता. तिथं पाण्याचा बोळा घेऊन कोण येणार होतं? पत्राचं तर नावच काढायला नको.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "आज आतापर्यंत किती मिनिटं जमवलीत?"

"चार असतील."

"चाचा, आज चहा नको," ते म्हणाले.

चाचांनी चमकून वर पाहिलं. मीही. मोठे डॉक्टर त्या गड्याकडे वळले आणि तपासायच्या बाकड्याकडे बोट केलं. "नीज तिथं. तू नाही, तुही घरवाली. ते कशी निजते घरी, तसा नीज."

गड्याला आधी कळेना. मग तो बाकड्यावर चढला. उजव्या कुशीवर वळला, गुडघे पोटाशी घेतले, उजवा हात बरगड्यांखाली दाबून धरला. दोघं-तिघं खिदळले.

"श्वास कसा घेते?"

तो श्वास घ्यायला लागला. आखूड, भराभर, मध्येच तोडलेला. नाकपुड्या फुलायला लागल्या. खिदळणं थांबलं.

"खोकते कशी?"

त्यानं ओसरीवर खोकला होता तसा खोकला काढला नाही. हात बरगड्यांवर घट्ट आवळला, ओठ मिटले, आणि खोकला येऊ नये म्हणून धडपडणारा एक लहानसा, दाबलेला आवाज काढला. आणि त्याच्या त्या मिशाळ चेहऱ्यावर कळ उमटली.

"बोलते?"

"पानी..." त्यानं श्वास घेतला. "दे..." पुन्हा श्वास. "मले..." आणि थांबला. पुढचं बोलायला तिला श्वास पुरत नसावा.

तो उठला तेव्हा त्यानं तोंडावरून हात फिरवला, आणि या खेपेस जिलबीसाठी नाही.

"काय दिसलं?" मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं.

मी सांगितलं. उजवी कूस धरून निजते, म्हणजे दुखतं ती बाजू दाबून ठेवते. श्वास उथळ, नाकपुड्या फुलतात, दोन शब्दांच्या मध्ये थांबावं लागतं. "उजव्या बाजूचा न्यूमोनिया," मी हळूच म्हणालो.

"हे तर तुम्ही मघाशीच म्हणालात."

"हो. पण मघाशी पेशंट चुकला होता."

ते हसले नाहीत. कपाटाची किल्ली काढली, पेनिसिलिनच्या कुप्या काढल्या. ही कुपी म्हणजे त्या काळी दवाखान्यातला खजिना; मी तोवर तिला हात लावला नव्हता. सिरिंज, सुया, सल्फाच्या गोळ्या, सगळं एका डब्यात भरून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "माझी सायकल घ्या. खोटं निघालं तर परत येऊन मला सांगा. खरं निघालं तर सुई द्या. आणि डॉक्टर, तिथं खाटेला पाटी नाही. आधी पाहा, मग ऐका."

आम्ही निघालो. गडी मागे कॅरिअरवर, त्याच्या मांडीवर माझा डबा आणि बाजाराची पिशवी. चढ आला की मी उतरायचो, तो उतरायचा, आणि सायकल तो ढकलायचा. एक नाला लागला, गुडघाभर पाणी. ज्याच्या छातीत सकाळी मी न्यूमोनिया ऐकला होता, त्या माणसानं सायकल खांद्यावर टाकून नाला ओलांडला, पलीकडे ठेवली, आणि परत येऊन मला विचारलं, "तुमाले बी उचलू का जी?"

मी नको म्हणालो. एका दिवसात किती अपमान करून घ्यायचा, याला माझ्याकडे मर्यादा होती.

घरात शिरलो आणि दारातच थांबलो. ती बाकड्यावरचीच बाई होती. तीच उजवी कूस, तेच पोटाशी घेतलेले गुडघे, तोच हात. नाकपुड्या तशाच. नवऱ्यानं एक बोटभरही चूक केली नव्हती. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"दवा... आनाले... सांगतली होती," ती म्हणाली. "डाक्टर... काहून... आनला?"

सासूनं जुन्या लुगड्याचा धडपा आडवा धरला आणि मी पाठीमागून नळी लावली. आता पाणी नको होतं. तो आवाज आला, आणि मला कळलं की तो सकाळच्या आवाजासारखा आहे आणि नाहीही. सकाळचा कुठंही नळी ठेवली असती तरी आला असता. हा एवढ्याच जागी होता, खोल, आणि तिच्या श्वासाला बांधलेला. मी चार बोटं वर गेलो, नव्हता. डावीकडे गेलो, नव्हता. पुन्हा तिथं आलो, होता. मी किती वेळ ऐकत बसलो कोण जाणे. शेवटी सासू म्हणाली, "आयकून झालं असंन त काई द्या ना, बापा!"

सुया उकळल्या, पेनिसिलिन दिलं. पुढचे चार दिवस दवाखाना आटोपला की मी सायकल काढायचो आणि संध्याकाळच्या आत परत यायचो. दुसऱ्या दिवशी ती सलग तीन शब्द बोलली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी तिनं नवऱ्याला, तूर काय भावानं विकली आणि जिलबी कुणाला विचारून खाल्ली, हे मध्ये एकदाही न थांबता विचारलं. मी सायकलवर बसून गाणं म्हणत आलो.

मोठे डॉक्टर पायरीवर उभे होते. "चार दिवस मला दुपारी जरा मोकळीक होती," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला शिकवावं. पण तुम्ही वेळच काढला नाहीत."

मग माझा शेवटचा दिवस आला, तोही बाजाराचाच. रांगेत तीच बाई! दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून आली होती, अंगावर धुतलेलं लुगडं, चेहरा अजून उतरलेला, हातात रिकामी बाटली. मी तिला दाखवायला ये म्हणून सांगितलं होतं. आधी तिची पाठ तपासली. उजव्या बाजूला, त्या नेमक्या जागी, काहीच नव्हतं. नुसता श्वास. मी नळी काढली.

"बरी झालीस."

"नाई जी," ती माझी नजर चुकवून म्हणाली. "मले सर्दी झाली. नाक गयते, आंग मोडून राह्यलं, डोकं दुखते."

नाक कोरडं होतं. मी तिच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. आत, दारापलीकडे, चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मोठे डॉक्टर ऐकत होते.

"मालक कुठं हाय?" मी विचारलं.

तिनं पदर तोंडाला लावला. "घरी."

"कसा निजते, दाखव."

ओसरीनं जागा करून दिली. कुणी सांगायच्या आतच बाकडं रिकामं झालं. बाई आडवी झाली, हातपाय चारी दिशांना फेकले, आणि छपराकडे पाहत घसा मोकळा करून सुरू झाली: "अवं, कुठं मेली तू? मले चहा आन! अद्रक टाकजो! अन् पाय दाब माहे! मी काई वाचत नाई आता! त्या बैलाले कोन पाह्यन? वावराले कोन पाह्यन? अन् चहा थंडा काहून आनला?"

चाचा पुडी बांधता बांधता टेबलाला धरून हसत होते. जीभवाल्यांच्या जिभा आपोआप आत गेल्या होत्या. मी चाचांना सर्दीचं मिक्श्चर बाटलीत भरायला सांगितलं.

"खात्री आहे?" आतून आवाज आला. "छाती न तपासता?"

"साहेब, ती आजारी होती तेव्हा 'पाणी दे मला' एवढं म्हणायला तिला तीन श्वास लागत होते," मी म्हणालो. "हा एका श्वासात चहा, अद्रक आणि वावर म्हणतोय. सर्दी आहे. आणि तरी ताप आला किंवा श्वास लागला, तर दमणीत घालून आणायला सांगतो. त्यालाच."

आतून चहाचा घोट ऐकू आला.

दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि कागद पुढे केला. वरून आलेलाच छापील कागद होता. 'रोज शिकवण्यास दिलेला वेळ' या रकान्यापुढे त्यांनी लिहिलं होतं: मिळाला नाही. खाली, शेऱ्यात: एकट्यानं पाठवण्यास हरकत नाही. आणि सही.

मी दोनदा वाचला. "साहेब, दोन्ही एकाच कागदावर? शिकवलं नाही म्हणता, आणि पाठवा म्हणता. हे वाचून ते मला पाठवतील?"

मोठ्या डॉक्टरांनी कागदाची घडी घातली, पाकिटात सारली आणि जीभ फिरवून पाकीट चिकटवलं.

"वाचणार कोण?" ते म्हणाले. "त्यांना तरी कुठं वेळ आहे?"